वैशूस पत्र : ड जीवनसत्त्व आणि ते अठरा हजारांचं पॅकेज

सातारा,
रविवार रात्र

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू बोलायला लागलीस आणि नेमकी माझ्या औषधाच्या दुकानात गर्दी झाली. शेजारचा दवाखाना सुटायची वेळ, त्यात आमचा कामाचा मुलगा सुट्टीवर. तुझं निम्मं ऐकलं, निम्मं राहूनच गेलं. आता शटर ओढून निवांत लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच वाचायला बस.

आधी तुझ्या व्हिटॅमिन डीच्या रिपोर्टवरचा तो ११. ठळक छापलेला आकडा आणि शेजारी लाल बाण दिसला की कुणालाही धडकी भरते. पण तू काही जगावेगळी नाहीस गं. माझ्या काउंटरवर येणाऱ्या रिपोर्टांत व्हिटॅमिन डी वीसच्या वर दिसलं तर मीच चष्मा पुसून परत बघते. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की कमतरता धरतात. तू अकरावर आहेस, म्हणजे औषध घ्यायलाच हवं. तुझ्या डॉक्टरांनी लिहिलेला कोर्स, साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक, असे आठ आठवडे, हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा आहे. तो मुकाट्याने पुरा कर. पोटभर जेवणानंतर घे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं. उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन निम्मं वाया घालवू नकोस.

माझं भांडण आहे ते तू नंतर पाठवलेल्या दुसऱ्या कागदाशी. तीन महिन्यांचं 'होलिस्टिक इम्युनिटी पॅकेज', अठरा हजार रुपये. त्यात डीचे थेंब, गुळवेलाचा रस, 'बूस्टर' कॅप्सूल, आठवड्यातून एक दिवस 'डिटॉक्स', आणि दर महिन्याला डीची तपासणी. ते विकणाऱ्या बाई किती गोड बोलल्या, हेही तू सांगितलंस. बोलणारच.

आता हे डी शरीरात करतं काय, ते जरा बघ. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील ब किरण त्याच्यावर पडले की त्याचं डी-३ होतं. ते यकृतात जाऊन थोडं बदलतं, आणि रिपोर्टमध्ये मोजतात ते हेच, यकृतातून बाहेर पडलेलं रूप. मग मूत्रपिंडात त्याला शेवटचा हात फिरतो आणि तयार होतं ते चक्क एक हार्मोन. आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायचं हे त्याचं जुनं, खात्रीचं काम. हाडं मऊ पडून पाय वाकडे होण्याचा मुडदूस त्याच्याच अभावी होतो. १८९० साली थिओबाल्ड पाम नावाच्या इंग्रज डॉक्टरने ठिकठिकाणच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती गोळा करून लिहिलं होतं की हा रोग इंग्लंडच्या धुरकट शहरांत बोकाळलाय आणि आपल्यासारख्या उन्हाच्या देशांत क्वचित दिसतो, तेव्हा पोरांना उन्हात काढा. जीवनसत्त्व हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता! पुढे १९२२ मध्ये मॅकॉलम या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा घटक वेगळा ओळखला आणि त्याला 'डी' हे अक्षर मिळालं.

प्रतिकारशक्तीशी त्याचा संबंध आहे, तोही खरा. क्षयाच्या जंतूला गिळणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशींना डी मिळालं, तर त्या जंतू मारणारं कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन तयार करतात. हे २००६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, गुपित सापडलं. आपल्याकडे क्षयाच्या पेशंटला हवापालटाला पाचगणीला धाडायचे, ते का, याचंही उत्तर मिळाल्यासारखं झालं. पण पेशीत दिसलेलं माणसात उतरतंच असं नाही. मंगोलियात साडेआठ हजारांवर शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना तीन वर्षं दर आठवड्याला १४ हजार युनिट डी दिलं आणि निम्म्यांना नुसती खोटी गोळी. क्षयाचा संसर्ग दोन्हीकडे सारखाच झाला. २०२० मध्ये तो निकाल आला आणि बऱ्याच जणांचा उत्साह मावळला.

तुझी सर्दी-खोकल्याची तक्रार घे. २०१७ मध्ये २५ चाचण्यांची, जवळजवळ अकरा हजार माणसांची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा श्वसनाचे संसर्ग थोडे कमी झालेले दिसले. कुणाचे? मुख्यतः ज्यांचं डी अगदी तळाला, दहाच्याही खाली होतं आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेतलं, त्यांचे. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना काही फरक पडला नाही. २०२५ मध्ये चाचण्या वाढून ४६ झाल्या, माणसं चौसष्ट हजार, आणि तो फायदा इतका झिरझिरीत झाला की आहे म्हणावं की नाही असा प्रश्न. म्हणजे तुझं अकराचं पंचवीस होणं हाडांसाठी, स्नायूंसाठी, त्या अंगदुखीसाठी गरजेचं आहे. सर्दीही जरा कमी झाली तर उत्तमच. पण पंचविसाचं सत्तर केलंस तर दुप्पट-तिप्पट ताकद येईल, ही कल्पना डोक्यातून काढून टाक. खड्डा बुजवायचा असतो, त्यावर टेकडी उभी करायची नसते.

आणि टेकडीचं काय होतं ते मी पाहिलंय. गेल्या वर्षी एक आजोबा आले, सोबत सून. पाकिटं आमच्याकडची नव्हती, पण चौकशीला आमच्याकडे. आजोबांना कुणी काय सांगितलं, त्यांनी काय ऐकलं, देव जाणे; ते आठवड्याचं पाकीट रोज रात्री दुधातून घेत होते. चवीला बरं लागतं म्हणाले! दीडेक महिन्यात बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्रभर लघवीला उठणं, जेवणावरची वासना गेलेली आणि बोलणं मधूनच भरकटलेलं. घरच्यांना वाटलं वय झालं. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे पिटाळलं. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं, आता ठीक आहेत. ब किंवा क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी चरबीत साठतं आणि उतरायला महिनोन् महिने लागतात. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर मार्करने तारीख घालून देते, ५ रवि, १२ रवि, १९ रवि, अशी. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

मोठ्या डोसाचा आणखी एक मासला सांगते, काकूंना मुद्दाम वाचून दाखव, कारण त्यांना 'वर्षातून एकच इंजेक्शन' फार सोयीचं वाटतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या सव्वादोन हजार बायकांपैकी निम्म्यांना वर्षाला एकदम पाच लाख युनिट डी दिलं. हाडं मोडू नयेत म्हणून. झालं उलटंच, त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. २०१० साली हे छापून आलंय.

आता ऊन. 'हिंजवडीत ऊन कुठे मिळतं' म्हणालीस, ते पटलं. सूर्य उगवायच्या आत कॅब, दिवसभर काचेच्या इमारतीत एसी, परत येईतो दिवे लागलेले. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण ते ब किरण येत नाहीत, त्यामुळे खिडकीशेजारच्या टेबलाचा उपयोग शून्य. आणि आपल्या आयांनी सांगितलेलं कोवळं ऊन? बाळाला तेल चोळून सकाळच्या उन्हात धरायची पद्धत मला आजही आवडते, पण डीच्या हिशेबाने कोवळं ऊन फार कामाचं नाही. सूर्य खाली असतो तेव्हा ते किरण हवेच्या जाड थरातून येता येता गळून जातात. सोपी खूण सांगते: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच ते काम होतं. म्हणजे साधारण दहा ते तीन. आपल्या सावळ्या रंगाला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण कातडीतलं मेलॅनिन तेच किरण अडवतं. आठवड्यातून तीन-चार दिवस जेवणाच्या सुट्टीत वीस-पंचवीस मिनिटं कॅम्पसमध्ये फिर, बाह्या वर करून. नुसता चेहरा आणि बोटं उघडी ठेवून भागत नाही, हात कोपरापर्यंत तरी हवेत. कातडी लाल होईपर्यंत उभं राहायचं नाही, आणि एप्रिल-मेमध्ये हा शहाणपणा करायला जाऊ नकोस.

खाण्यातून फारसं मिळत नाही, ही एक कटकट आहे. तू बांगडा, तारली खातेस ते चांगलंच, अंड्याचा बलक घे. काकूंसाठी मात्र दूध घेताना पिशवीवर डी मिसळल्याचं लिहिलंय का ते बघायचं, बाकी शाकाहारी ताटात डी जवळजवळ नाहीच. पालेभाजीतून मिळतं असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि सोडून दे.

'होलिस्टिक'ला माझा विरोध आहे असं समजू नकोस. आपल्या उरुळीकांचनला १९४६ मध्ये गांधीजी जाऊन राहिले आणि तिथे निसर्गोपचार सुरू झाले, ते काय होतं? सूर्यस्नान, मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, साधं जेवण, चालणं. गरिबाला परवडेल असं काहीतरी हवं, हाच त्यामागचा हट्ट होता. इकडे आमच्या जिल्ह्यात औंध संस्थानच्या राजांनी, म्हणजे पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावले. त्यातलं सगळं शास्त्राच्या कसोटीला उतरतं असं मी म्हणणार नाही. मातीच्या पट्टीने ताप उतरतो यावर मी पॅरासिटामॉल विकणं बंद करणार नाही. पण अख्ख्या माणसाकडे बघायचं, तो झोपतो कसा, खातो काय, चालतो किती, हे विचारायचं, ही दृष्टी खरी. अठरा हजारांच्या त्या कागदावर झोपेचा शब्दही नाही, आणि तुझी तर ती पहाटेची शिफ्ट! २०१५ च्या एका अभ्यासात १६४ धडधाकट माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले होते. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. मॅनेजरशी शिफ्टबद्दल एकदा बोलायचं तुझं कधीचं चाललंय. ते आधी कर.

गुळवेलाच्या रसाबद्दल जरा घाबरवतेच. कोविडच्या वर्षी काढे आणि गुळवेल लोकांनी पाण्यासारखे प्याले. २०२० च्या शेवटच्या काही महिन्यांत मुंबईत सहा पेशंट यकृताला इजा होऊन आले, सगळे गुळवेल घेणारे. पुढे वेगवेगळ्या शहरांतून तशा आणखी केसेस नोंदल्या गेल्या. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की दुसऱ्याच जातीची वेल ओळखण्यात चूक होत असेल. असेलही. पण बाटलीतल्या हिरव्या रसात कुठली वेल आहे, हे तुला कळणार आहे की मला? त्यातून तुला थायरॉइड आहे, तेही स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेलं. आधीच अंगावर येणाऱ्या प्रतिकारशक्तीला आणखी कशाला चढवायचं? सुंठ, मिरी, तुळशीचा चहा पी हवा तेवढा, घशाला बरं वाटतं. रस नको.

आणि दर महिन्याला तपासणी म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा. डी इतक्या भराभर बदलत नाही. कोर्स संपल्यावर, तीन महिन्यांनी, डॉक्टर म्हणाले तर एकदा कर. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, तर धडधाकट माणसांनी ही तपासणी उठसूट करूच नये असं सांगून टाकलंय. कोर्सनंतर रोजचा छोटा डोस चालू ठेवायचा का, हेही डॉक्टरांनाच विचार. भावजींना मुतखड्याचा त्रास आहे ना? मग तुझी पाकिटं त्यांनी 'आपणही घेऊन बघू' म्हणून घ्यायची नाहीत, त्यांचं वेगळं विचारायचं.

एक काम मात्र उद्याच कर. त्या बाईंनी 'सॅम्पल' म्हणून दिलेली थेंबांची बाटली तू सुरू केली आहेस की नाही, ते परवा कळलंच नाही. पाकिटं चालू असताना ते थेंब नकोत, कारण दोन्हींत एकच औषध आहे. बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, एका थेंबात किती युनिट ते मला बघू दे. मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तर चाळीसने गुणायचं, म्हणजे युनिट येतात. काकूंचीही पाकिटं मोजून ठेव, आणि शेवटचं कधी घेतलं ते त्यांना विचार. आठवत नसेल तर तेही कळव. मंगळवारी दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं, तेव्हा फोन कर.

तुझीच,
सुमी