त्या फोनची वाट पाहणारे सदतीस जण

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीवरच्या जुन्या खेळांविषयीचा लेख वाचला. अन्नू कपूरच्या 'अंताक्षरी'तले दीवाने, परवाने, मस्ताने पुन्हा भेटले, बरे वाटले. एक वाक्य मात्र खटकले. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आले आणि सगळा देश रातोरात पैशाच्या मागे लागला, असे लेखक म्हणतात. ते तेव्हा कुठे होते मला माहीत नाही. मी बार्शीत होतो आणि माझा एसटीडी बूथ होता. ज्यांना पैशाच्या मागे लागलेले म्हटले आहे ती माणसे माझ्याच दुकानापुढे रांगेत उभी होती. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कात्री आपल्याकडे आहेच.

भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे दुकान. पिवळी पाटी, तिच्यावर काळी अक्षरे, आत एक माणूस कसाबसा मावेल एवढी काचेची केबिन आणि वर छोटा पंखा. (गिऱ्हाईक जास्त वेळ बोलले तर बिल वाढेल, म्हणून मी पंखा चांगला फिरता ठेवतो असे काही जण म्हणत, आणि घाम काढून रांग पुढे सरकवायला मुद्दाम हळू ठेवतो असे बाकीचे म्हणत. पंखा जुना होता, एवढेच.) केबिनमध्ये नजरेसमोर मीटर. त्यातले लाल आकडे पळायला लागले की बोलणाऱ्याचे सगळे ध्यान तिकडे. आईच्या दुखण्याची चौकशीसुद्धा आकडा बघून आटोपती घेतलेली मी ऐकली आहे.

३ जुलै २०००, सोमवार, रात्री नऊ, स्टार प्लस. अमिताभ बच्चन टीव्हीवर येणार म्हणून काउंटरवरचा चौदा इंची टीव्ही मी रस्त्याच्या बाजूला वळवून ठेवला. पहिल्या दिवशी सात-आठ जण थांबले. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या सायकलवाल्याने त्याची बाके बाहेर काढली. सोमवार ते गुरुवार आमच्या रस्त्यावर नऊ ते दहा कुणी कुणाला हाक मारत नसे. हजार, दोन हजार, तीन, पाच, दहा, अशी ती पंधरा प्रश्नांची शिडी एक कोटीपर्यंत चढत जायची आणि ती पोरांना पाढ्यांपेक्षा पक्की पाठ. 'लॉक किया जाए' हे तर इतके तोंडी बसले की भाजीवालीसुद्धा मेथीचा भाव सांगून झाल्यावर म्हणायची, "लाक करू का?"

त्यात लाइट जायची. नेमका एखादा गडी तीन लाख वीस हजारांच्या प्रश्नावर अडला की अंधार. बूथच्या मीटरसाठी मी बॅटरी ठेवली होती, पण तिच्यावर टीव्ही चालत नव्हता. मग एकदा आमचे शिंपीकाका उठले, मेणबत्ती घेऊन केबिनमध्ये शिरले आणि पुण्याला लेकीला फोन लावला. मला वाटले, काही वाईट बातमी. काचेतून आवाज आला, "आगं, त्या माणसानं काय उत्तर दिलं?" बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना निकाल सांगितला आणि बिल खिशातून भरले. लेखकांना मी हे आधी सांगेन. दुसऱ्याच्या कमाईचा आकडा कळावा म्हणून पदरचे पैसे घालणारा माणूस पैशाच्या मागे लागलेला नसतो.

आता रांगेविषयी. कार्यक्रमात भाग घ्यायचा तर फोन करायचा, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बटण दाबून द्यायचे, बरोबर उत्तर देणाऱ्यांतून कॉम्प्युटर नावे काढणार आणि मग तिकडून फोन येणार, असा प्रकार होता. यातले पहिलेच जमत नव्हते, कारण लाइन सतत एंगेज. एकेक जण वीस-वीस वेळा लावायचा. रीडायलच्या बटणावरचा आकार पुसून गेला. एंगेजचा मीटर पडत नाही, त्यामुळे रांग माझी, केबिन माझी आणि धंदा शून्य. पुण्या-मुंबईला खरेच बोलायचे असलेले गिऱ्हाईक वैतागून दुसऱ्या बूथवर जायचे.

पण खरी गंमत पुढेच. तिकडून फोन येणार, तो कुठे? यातल्या बहुतेकांच्या घरी फोन नव्हता. त्या काळात अशा माणसाचा असायचा पी.पी. नंबर, म्हणजे शेजाऱ्याचा किंवा ओळखीच्या दुकानदाराचा. लग्नपत्रिकेवरसुद्धा नंबराच्या पुढे कंसात पी.पी. छापलेले असायचे. तर या सगळ्यांनी ठरवून टाकले की करोडपतीचा फोन माझ्या दुकानातल्या दुसऱ्या लाइनवर घ्यायचा. कुणाला बोलवायचे ते विसरू नये म्हणून मी दोनशे पानी वही केली. नाव, गल्ली, हाक मारायला कुठे जायचे. "दुपारी तेलाच्या घाण्यावर असतो." "मोटार चालू असली तर ऐकू येणार नाही, पोरगा पाठवा." "आधी सासऱ्यांना सांगू नका." एकूण सदतीस नावे आहेत, त्यातल्या नऊ बायका.

तीन महिने मी जेवायला घरी गेलो नाही. बायको डबा पाठवायची. चुकून मी नसताना फोन वाजला तर त्या सदतीस जणांना काय तोंड दाखवू, ही धास्ती.

एकदा फोन आला. संध्याकाळची वेळ, पलीकडून भारदस्त आवाजात हिंदी. मी अमिताभ बच्चन बोलतोय, अमुक गुरुजींना बोलवा. माझे हातपाय गार. पोरगा सायकलवर पिटाळला. गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, गावातल्या निम्म्या इच्छुकांनी आपला 'फोन अ फ्रेंड' म्हणून त्यांचेच नाव ठरवून ठेवले होते. ते धोतर सावरत आले, रिसीव्हर घेतला, ताठ उभे राहिले. पलीकडून प्रश्न आला की कुर्डुवाडीची गाडी आज किती उशिरा येणार. मेडिकलमधला पोऱ्या होता. गुरुजींनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाले, "आवाज बरा काढला. पण पर्याय द्यायचे विसरला." आणि बाकावर बसून बातम्या बघत राहिले. मला त्या पोऱ्याचा राग चार दिवस होता, गुरुजींना पाच मिनिटेही नव्हता.

पैशाचीच ओढ असती तर त्याच वर्षी झी टीव्हीवर अनुपम खेर आणि मनीषा कोईराला 'सवाल दस करोड का' घेऊन आले तेव्हा माझी बाके तिकडे वळायला हवी होती. एकाच्या जागी दहा कोटी! आम्हीही लावून बघितले. दोन दिवसांत बाकांवरूनच फर्मान सुटले, "परत लावा स्टार." तो कार्यक्रम लवकरच गुंडाळला. पुढे गोविंदाचा 'जीतो छप्पर फाड के' झाला, अमन वर्माचा 'खुल जा सिम सिम' झाला, नीना गुप्तांचा 'कमजोर कडी कौन' झाला. शेवटच्यात तर स्पर्धकांचा पाणउतारा करायचे. आमच्याकडे म्हणाले, हे घरी फुकट मिळते.

मग ओढ कसली होती? मला वाटते, कुणीतरी आपल्याला विचारावे, याची. आमच्यासारख्यांना टीव्हीने त्याआधी फारसे कधी विचारले नव्हते. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' लागायचा. माझा धाकटा भाऊ तो शब्दकोश मांडीवर घेऊन बघायचा. कॉलेजची चुणचुणीत पोरे, फाडफाड इंग्रजी, आणि आम्ही त्यांचे स्वेटर बघायचो. त्याच बसूंच्या हातून पंधरा वर्षांनी 'करोडपती' हिंदीत आले आणि बच्चनसाहेबांनी समोरच्याला 'आप' म्हणून खुर्ची ओढून दिली. हा फरक केवढा होता हे पुण्यामुंबईत कळणार नाही.

मध्ये 'सुरभि' होऊन गेली, सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणेंची. तिचा तो प्रश्न आणि पोस्टकार्डे. तिथे इंग्रजीची अडचण नव्हती, पंधरा पैशांत भागायचे. पत्रांचा असा ढीग पडायला लागला की टपाल खात्याला अशा स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे पोस्टकार्ड काढावे लागले. पंधरा पैशांचे थेट दोन रुपये! तरी आईने ते आणायला लावले.

आईचे सांगायचे राहिले. चौथीपर्यंत शिकलेली, मराठी वाचायची, पण ए-बी-सी-डीशी ओळख नव्हती. पडद्यावर चार पर्याय आले की ती ओरडायची, "वरचं उजवं! आरं वरचं उजवं म्हण की!" महाभारताचा, पिकांचा, नद्यांचा प्रश्न असला की तिचे वरचे उजवे, खालचे डावे सहसा चुकत नसे. समोरचा स्पर्धक पन्नास-पन्नास घेऊन चुकला की ती पदर खोचून म्हणायची, "ह्याला मुंबईला न्यायचं भाडं कुणी दिलं?" वहीत सदतिसावे नाव तिचे आहे. हाक मारायला कुठे जायचे, या रकान्यात मी लिहिले आहे, 'घरी'.

ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे जिंकले. मराठी मुलगा, यूपीएससीचा अभ्यास करणारा. आमच्या बाकांवरही स्पर्धा परीक्षेची चार पोरे असायची, फॉर्म भरून दमलेली. शेवटचा प्रश्न होता संसदेच्या कामकाजात भाग घ्यायला राज्यघटना यांपैकी कुणाला परवानगी देते, असा. त्यातला एक पोरगा पर्याय पुरते वाचून होण्याआधीच बोलला, "अटर्नी जनरल. कलम ८८." आणि तेच निघाले. नवाथ्यांना एक कोटी मिळाले, इकडे या पोराला सायकलवाल्याने चहा पाजला. त्या रात्री तो ज्या चालीने घरी गेला ती मला आठवते. त्याच महिन्यात टेलिफोन खात्याचे बीएसएनएल झाले होते आणि आमची पाटीही बदलायची होती, पण त्या दिवसांत पाटीकडे बघायला वेळ कुणाला होता?

वहीतल्या सदतीस जणांपैकी एकालाही फोन आला नाही. एकालाही नाही. दिवाळीनंतर रांग हटली, बाके आत गेली. २००३ च्या पावसाळ्यात पाचशे एक रुपयांत मोबाइल मिळायला लागला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत माझ्या केबिनमध्ये झेरॉक्सचे कागद रचले गेले. २००४ ला आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर' घेऊन घराघरांत शिरले तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी पुन्हा उचल खाल्ली. पैठणी कुणाला नको असते? पण मी सांगतो, पैठणीपेक्षा भावोजींनी नवऱ्यासमोर आपल्याला बोलते करावे, याचे अप्रूप जास्त. माझी बायको तेव्हा म्हणाली होती, "मला विचारलं तर मी तुमच्या डब्यांचं सांगीन."

आता नातू मोबाइलवर ॲपमध्ये करोडपती खेळतो. टीव्हीवर प्रश्न आला की घरबसल्या उत्तर दाबायचे, एंगेज नाही, रांग नाही. सोय उत्तमच आहे, तक्रार नाही. पण तो उत्तर मनात देतो. मी विचारले, "काय दाबलंस?" तर म्हणाला, "आजोबा, थांबा ना, टाइम जातो." आईच्या 'वरच्या उजव्या'ने शेजारच्या घरातली माणसे जागी व्हायची.

लेखकांना एक विनंती. पुढच्या वेळी जिंकलेल्यांच्या मुलाखती घ्याल तेव्हा वहीतल्यांपैकीही एखाद्याशी बोला. गुरुजी आता नाहीत, शिंपीकाकाही नाहीत. कलम ८८ वाला पोरगा तलाठी होऊन कोकणात गेला, असे ऐकतो. बाकीच्यांपैकी बरेच जण गावातच आहेत. त्यांच्यातले कुणी हे पत्र वाचत असेल तर वही अजून माझ्याकडे आहे, येऊन आपले नाव बघून जावे. काहींच्या नावापुढे जुनी उधारीही मांडलेली आहे, ती मी केव्हाच खोडली आहे. दुकान त्याच जागी आहे, दुपारी दोन ते चार बंद असते.

आपला,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)