सही करताना बघ

चिनू,

पोचलास ते बाबांना कळवलंस, मला नाही. असू दे. परवा तुझ्या नव्या नोकरीला मी 'दलाली' म्हणाले ते चुकलंच माझं, पण तूही दार आपटून गेलास आणि जाताना नीट बोलणं झालंच नाही म्हणून आता रात्री फोनवर टाइप करत बसलेय, चुका असतील त्या समजून घे.

गव्हर्नमेंट अफेअर्स म्हणजे काय, कंपनीतर्फे सरकारशी बोलणी कशी करायची, ते तू मला समजावत होतास तेव्हा मला हसू येत होतं. अरे सव्वीस वर्षं पेपरच्या मालकांच्या केबिनबाहेर बसून मी तेच बघितलंय, फक्त तेव्हा त्याला असं भारी नाव नव्हतं. फोन मीच जोडून द्यायचे.

तुला वाटतं दबाव म्हणजे धमकी. धमकी देणारा एक माणूस मी बघितला नाही, सगळे गोडच बोलायचे. मोठा जाहिरातदार 'बातमी थांबवा' कधीच म्हणत नाही, 'पुढच्या महिन्याचं बुकिंग अजून फायनल व्हायचंय' एवढंच म्हणतो. मंत्र्यांचा पीए मालकांच्या दुसऱ्या धंद्याच्या परवानगीची फाईल कुठवर आलीय ते आपणहून सांगतो. आणि दोनतीन वर्षांनी तर फोनचीही गरज उरत नाही, डेस्कवरचा माणूस ती बातमी हातातच घेत नाही. आणीबाणीत २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या पेपरांची वीज तोडली होती, बाबा अजून तावातावाने सांगतात. मला वाटतं निदान अंधार झालेला दिसला तरी लोकांना.

मला एवढंच सांगायचंय की सही करताना बघ. हो म्हणणारा फोनवर हो म्हणतो, कागदावर सही धाकट्याची असते. ड्राफ्ट तू करणार, मेल तुझ्या नावाने जाणार, 'साहेबांशी बोलणं झालंय' असं कोणी म्हणालं तर कोणत्या साहेबांशी ते मेलवर लिहून घे. लंडनच्या न्यूज ऑफ द वर्ल्ड पेपरचं तुला माहीत असेलच, फोन हॅकिंगसाठी २००७ मध्ये एक रिपोर्टर आणि एक प्रायव्हेट डिटेक्टिव्ह जेलमध्ये गेले आणि कंपनी कितीतरी दिवस म्हणत राहिली की हा एकाच रिपोर्टरचा उद्योग. तेव्हाचा संपादक अँडी कोल्सन राजीनामा देऊन निघाला आणि पुढे थेट पंतप्रधान कॅमेरॉनचा कम्युनिकेशन डायरेक्टर! २०११ मध्ये भांडं फुटलं, १६८ वर्षांचा पेपर बंद झाला आणि २०१४ ला कोल्सन पण आत गेला. तू म्हणशील, बघ, शेवटी वरचाही गेला की. गेला, पण सात वर्षांनी. पहिल्यांदा कोण गेलं ते बघ ना.

झालं, सुरू झालं माझं लेक्चर. सॉरी.

खरं सांगू, मला तुझा अभिमानच आहे. इलेक्टोरल बाँडची स्कीम सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ ला रद्द केली आणि मग कोणी कोणत्या पक्षाला किती दिले त्या याद्या बाहेर आल्या तेव्हा तू रात्रभर नावं जुळवत बसला होतास, इतका चिडलेला की बाबा म्हणाले ह्याला झोपवा आधी. तो चिनू तिथे गेल्यावर राहील ना, असं सारखं मनात येतं. राहील. पण तरी सही करताना बघ.

भाऊकाकांचं तुला आम्ही अर्धंच सांगितलंय. आमच्या पेपरच्या छपाईला तयार झालेल्या पानावरून रात्री एक बातमी काढली गेली, नंतर खूप बोंब झाली आणि चौकशी बसली. पानावर सही काकांची होती, त्यामुळे नोकरीवरून गेले तेच. तो फोन कोणाचा होता ते मला माहीत होतं कारण मीच जोडून दिला होता. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. तुझी अॅडमिशन होती त्या वर्षी.

काका अजून विचारतात, चिनू काय करतो आता. त्यांना फोन कर एकदा. आणि जॉइनिंगचे कागद सही करण्याआधी सगळी पानं वाच, फोटो काढून ठेव. बाबांना पाठवलेस तरी चालेल.

आई