फाइल कुठे गेली, तेही शिकवा

महोदय,

ज्येष्ठांच्या संगणक वर्गांत ई-मेल, वीजबिल, व्हिडिओ कॉल सगळे शिकवतात. डाउनलोड केलेली पावती संगणकात नेमकी कुठे जाऊन बसते, ते मात्र कोणी सांगत नाही. सोसायटीची सचिव म्हणून मी हे नेहमी पाहते. शेजारच्या काकू तोच सातबारा पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात आणि मग नातू घरी येण्याची वाट पाहत बसतात.

खरे तर विंडोजमध्ये खिडकीच्या चिन्हाची कळ दाबून धरून ‘ई’ दाबले, की फाइल एक्सप्लोरर, म्हणजे संगणकातल्या फाइली दाखवणारी खिडकी, उघडतो. खालच्या पट्टीवरचे पिवळे फोल्डर म्हणजेही तोच. डावीकडच्या ‘डाउनलोड्स’वर क्लिक करा; आज घेतलेली फाइल सहसा सर्वांत वर, ‘टुडे’ या मथळ्याखाली सापडते. हा एक्सप्लोरर १९९५ च्या विंडोजपासून आहे, २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर फक्त ‘विंडोज एक्सप्लोरर’चे नाव ‘फाइल एक्सप्लोरर’ झाले. ॲपलच्या मॅकवाल्यांनी त्याच कामाच्या फाइंडरचा निळा-पांढरा हसरा चेहरा शोधावा.

आपल्या पुरवणीत नव्या फोनची रसभरीत वर्णने असतात. चार ओळी यालाही द्याव्यात, आणि टाइप जरा मोठा ठेवावा.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा