यंत्र नवे आले, पण पोट रिकामे आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पचनमार्गाच्या एक्स-रेसाठी येणाऱ्या नव्या डिजिटल यंत्रांबद्दलचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. ही यंत्रे हवीतच. किरण सलग न सोडता थांबून थांबून सोडता येतात, त्यामुळे रुग्णाला बसणारा डोस कमी होतो. पण चित्र सुधारण्याचे सगळे श्रेय यंत्राला देणे मला पटले नाही.

जठर आणि आतडी साध्या एक्स-रेत आजूबाजूच्या मांसापासून वेगळी उठून दिसत नाहीत. म्हणून तर वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1896-97 मध्ये प्राण्यांना बिस्मथ (क्ष-किरण अडवणारा जड धातू) मिसळलेले अन्न भरवून गिळण्याची क्रिया पडद्यावर पाहिली. पुढे बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच पोटात निर्धोक राहते; बेरियमचे विरघळणारे क्षार मात्र विषारी असतात.

जठराच्या डबल कॉन्ट्रास्ट (गॅस आणि बेरियम दोन्ही वापरून केलेल्या) तपासणीत रुग्णाला आधी गॅस तयार करणारी पावडर आणि मग घट्ट बेरियम देतात. गॅसने जठर फुगते. रुग्णाला कुशीवर, पालथे, पुन्हा उताणे असे वळवले की बेरियमचा पातळ थर अस्तरावर बसतो आणि वळ्या, व्रण, बारीकसा उंचवटाही उठून दिसतो. अर्थात, ढेकर दाबून धरली तर! तेवढे सांगायचे राहिले, की गॅस निघून जातो आणि जठर चिमते. बेरियम नीट ढवळले नसेल तर गुठळ्या नि बुडबुडे दिसतात. पोटात अन्नाचा कण राहिला असेल तर तो पॉलिपसारखाच (अस्तरावर वाढलेल्या कोंबासारखाच) दिसतो. रुग्णाला वळवल्यावर कण जागा बदलतो, पॉलिप बदलत नाही. पण हे पाहायला जास्त किरण खर्च होतात. मोठ्या आतड्यात मल उरला असेल तर विचारायलाच नको, तपासणी पुन्हा करावी लागते. यातले काहीही नव्या यंत्रातल्या महागड्या डिटेक्टरने (किरण टिपणाऱ्या भागाने) सुटत नाही.

हल्ली बरेचसे काम दुर्बिणीने आणि सीटी स्कॅनने होते, हे खरे. तरी घास गिळताना नेमका कुठे अडतो, श्वासनलिकेत जातो का, हे पाहायला बेरियम देऊन घेतलेला चलत एक्स-रे आजही लागतो.

तयारीच्या सूचना बहुतेक ठिकाणी चिठ्ठीवर छापून हातात देतात. उपाशी राहायचे म्हणजे पाणीही नाही का, सिगारेट चालेल का (नाही, जठरातला स्राव वाढतो आणि थर नीट बसत नाही), रोजच्या गोळ्यांचे काय, हे रुग्णाने विचारायचे कुणाला? माझ्या मते तारीख देतानाच तंत्रज्ञाने समोर बसवून सांगावे. मधुमेह असेल तर सकाळचा पहिला नंबर द्यावा. गरोदरपण, आधीची शस्त्रक्रिया, बद्धकोष्ठ यांची चौकशी तेव्हाच व्हावी. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल तर बेरियम टाळून पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त औषध वापरतात. ती शंका डॉक्टरांनी तपासणीच्या कागदावर स्पष्ट लिहावी. आणि नंतर भरपूर पाणी प्या, एकदोन दिवस शौचाला पांढरे होईल, हेही आधीच सांगावे. न सांगितल्यामुळे घाबरून परत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ