दादा, मनीला इकडे जर्मनीला नर्सिंग शिकायला पाठवायचं असेल तर हे आधी वाच

श्टुटगार्ट, ऑक्टोबर 2025

प्रिय दादा, वहिनी,

आईला साष्टांग नमस्कार. हे पत्र मनीने तिला मोठ्याने वाचून दाखवायचं, मोबाईलवरची अक्षरं तिला लागत नाहीत.

पोचल्याचं कळवलं होतंच. पण व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळे एकदम बोलता, मधेच आवाज तुटतो, आणि माझा चिनू बाजूला असला की काही गोष्टी मला बोलता येत नाहीत, म्हणून आज निवांत टाईप करत बसलेय. आज रविवार, इथे रविवारी दुकानं बंद म्हणजे बंदच, स्टेशनवरची एखाद-दोन सोडली तर, त्यामुळे दूध-ब्रेड-भाजी सगळं शनिवारीच भरून ठेवायचं. चिनू त्याच्या रूमवर आहे आणि मी यांच्या मित्राच्या भाचीकडे उतरलेय, फार माणुसकीची पोरगी, नवरा-बायको दोघं नोकरीला जातात पण मला काही कमी पडू देत नाहीत.

आधी आईसाठी. आई, तू जाताना चिनूच्या मनगटाला जोतिबाचा दोरा बांधलास ना, तो त्याला काढावा लागलाय. तू मनाला लावून घेऊ नकोस. हॉस्पिटलमध्ये कोपरापासून खाली काहीही घालायचं नाही, घड्याळ नाही, अंगठी नाही, दोरा नाही, नखंसुद्धा बारीक कापलेली पाहिजेत, कारण त्याच्यात जंतू राहतात आणि एका पेशंटचे दुसऱ्याला जातात. त्याने दोरा कात्रीने कापला नाही, बसून गाठ सोडवली आणि पाकिटात नानांच्या फोटोमागे ठेवला. मला न सांगता केलं, मी पाकीट उघडलं तेव्हा दिसलं.

आता त्याच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं, कारण दादा तू परवा फोनवर विचारलंस की हे कॉलेज आहे का नोकरी. दोन्ही आहे. ह्याला आउसबिल्डुंग म्हणतात, तीन वर्षांचं असतं, काही आठवडे शाळा आणि काही आठवडे वॉर्डात काम असं आलटून पालटून चालतं. तीन वर्षांत कमीत कमी 2100 तास शिकणं आणि 2500 तास प्रत्यक्ष काम हे कायद्यानेच ठरवून दिलंय. 2020 पासून नवीन कायदा आला, त्यात म्हाताऱ्यांची, लहान मुलांची आणि हॉस्पिटलमधल्या पेशंटची नर्सिंग जी आधी वेगवेगळी शिकवायचे ती एकत्र केली, त्यामुळे चिनू तिन्हीकडे फिरणार. शेवटी सरकारी परीक्षा, लेखी, तोंडी आणि खऱ्या पेशंटसमोर प्रॅक्टिकल. फी नाही, उलट पगार मिळतो. पहिल्या वर्षाला महिन्याला साधारण 1400 युरो मिळतात, त्यातून इन्शुरन्स, पेन्शन वगैरे कापून हातात 1100 च्या आसपास येतात. तू लगेच शंभरने गुणशील, मला माहितीये, पण तसं गुणू नकोस. त्यातून रूमचं भाडं, जेवण, फोन, पास सगळं जातं. टीव्ही-रेडिओचे म्हणून दर घरामागे महिन्याला 18.36 युरो भरावे लागतात, घरात टीव्ही नसला तरी. पोरगा स्वतःचं भागवेल, थोडं मागे टाकेल, पण पहिल्या वर्षी घरी पैसे पाठवेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये, आणि मनीच्या बाबतीतही ठेवू नका.

आणि पहिले सहा महिने प्रोबेशन असतं. त्या काळात दोघांपैकी कुणालाही करार मोडता येतो. म्हणून आत्ता गावात पेढे-बिढे वाटायची घाई करू नका, सहा महिने जाऊ देत, मग वाटा पाहिजे तेवढे.

कागदपत्रांचं सांगते कारण मनीला हेच करावं लागणार. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत आपण कुठे राहतो ते ऑफिसात जाऊन नोंदवावं लागतं, त्याला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. ती नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, तो नंबर दिला नाही तर पगारातून जास्तीचा टॅक्स कापतात, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, तेही पोस्टानेच, इन्शुरन्सचं कार्ड पोस्टाने. म्हणजे सगळा संसार पोस्टमनच्या हातात. आणि खाली टपालाच्या पेटीवर आपलं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकतच नाही, परत नेतो, फ्लॅट नंबर वगैरे काही नसतो इथे, नावावरच चालतं सगळं. चिनूने पहिल्याच दिवशी पेटीवर आडनाव चिकटवलं. किती सुवाच्य काढलंय सांगू, शाळेत कधी असं अक्षर काढलं नव्हतं त्याने. मी त्या पेटीचा फोटो यांना पाठवला तर हे दुकानात गिऱ्हाईकांना दाखवत बसले.

नोंदणीच्या ऑफिसात मी सोबत गेले होते. फाईल माझ्या मांडीवर, सगळे कागद प्लास्टिकच्या पाकिटात, ओरिजिनल वेगळे, झेरॉक्स वेगळ्या. आपल्याकडे तलाठी ऑफिसात कसं, आपण पुढे होऊन बोलतो, साहेब एवढं जरा बघा ना. इथे त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या, नमस्कार केला, आणि पुढचं सगळं चिनूशीच बोलल्या. मी एकेक कागद काढून देत होते तर चिनूने हळूच फाईल माझ्याकडून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. त्या विचारतायत, हा उत्तर देतोय, मधे एकदा अडखळला, तर म्हणाला परत सांगा प्लीज, त्यांनी परत सांगितलं, मग बरोबर बोलला. मला एक शब्द कळत नव्हता दादा. पण डोळे भरून आले. सांगलीत बँकेत स्लिप भरायची तरी मला विचारायचा हा पोरगा.

तेव्हापासून मी ठरवलं की मी मागे राहायचं. सोबत जायचं, पण दाराबाहेर बसायचं. तूही मनीला सोडायला ये, नक्की ये, पैसे खर्च झाले तरी चालतील, कारण नवीन देशात पहिल्या आठवड्यात संध्याकाळी कुणीतरी आपलं जेवण घेऊन वाट बघत असलं की पोराला बळ येतं. पण तिचं बोलणं तिला बोलू दे. तुझी सवय मला माहितीये, तू मधे बोलणार.

भाषेचं सगळ्यात महत्त्वाचं. जर्मनच्या परीक्षेच्या पायऱ्या असतात, ए-वन, ए-टू, मग बी-वन, बी-टू अशा चढत्या. व्हिसाला बी-वन चालतं असं काही जण सांगतात, पण बरीच हॉस्पिटलं बी-टू मागतात आणि ते बरोबरच आहे. चिनू बी-टू पास होऊन आलाय, पुण्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा दिली, तरी इथे त्याला पहिले दिवस जड गेले. का, तर ह्या भागातली म्हातारी माणसं स्वाबियन बोलीत बोलतात, पुस्तकातलं मराठी शिकून आलेल्याला कोकणातल्या आजोबांसमोर बसवल्यासारखं होतं. त्याच्या ट्रेनरबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं, समजलं नाही तर दहा वेळा विचार, पण अंदाजाने काही करायचं नाही, कारण समोर आजारी माणूस आहे. मला ते फार पटलं. मनीचं आत्ता ए-टू चाललंय ना? तिला घाई करायला लावू नका. एक बॅच उशिरा गेली तरी चालेल, पण बी-टू पक्कं करून जाऊ दे.

आणि तो कराडातला एजंट, जो सहा लाख मागतोय आणि भाषेचं आम्ही बघून घेऊ म्हणतोय, त्याच्याकडे एक रुपया टाकू नका. भाषेचं कुणी दुसरं बघून घेत नाही. चिनूने स्वतः हॉस्पिटलांच्या वेबसाईटवर जाऊन अर्ज केले, ऑनलाईन मुलाखत झाली, करार आला, मग व्हिसाला फाईल लावली. जर्मन सरकारचं ‘मेक इट इन जर्मनी’ म्हणून पोर्टल आहे, इंग्रजीत सगळं लिहिलंय, मनीला ते आधी वाचायला सांग. एजंटचे पैसे वाचवून क्लासला आणि परीक्षेला घाला. अजून एक, गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याचा कागद इथे हॉस्पिटलात काम करायला कायद्याने लागतो. वहिनी, मनीचं लहानपणीचं लसीकरणाचं पिवळं कार्ड शोधून ठेवा, नसेल सापडत तर आत्ताच डॉक्टरांना विचारा.

आता लोकांचं. अप्पा काका माझ्या तोंडावर म्हणाले होते, पोरगा असून नर्स होणार का, आणि तेही परक्या देशात लोकांचं हगणं-मुतणं काढायला. मी तेव्हा गप्प बसले कारण वास्तुशांतीचा दिवस होता. पण आता तुम्ही माझ्यातर्फे सांगा त्यांना. इथे हॉस्पिटलात नातेवाईक सहसा पेशंटजवळ मुक्काम करत नाहीत. पेशंटचं अंग पुसणं, त्याला भरवणं, कुशीवर वळवणं, भांडं देणं, चालवणं हे शिकलेल्या माणसांचं काम आहे आणि त्याचा अभ्यास आहे. आपल्याकडे हेच काम घरचे करतात नाहीतर मावशी करतात. नाना शेवटी हॉस्पिटलात अंथरुणावर होते तेव्हा कुणी केलं, आठव. आपण सगळे पाळीपाळीने जायचो, पण नानांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर न दुखवता वळवायला फक्त चिनूला जमायचं. बारावीत होता तो. तिथल्या सिस्टरने एकदाच दाखवलं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा आधी दुमडायचा, आणि हा रात्री गजर लावून उठायचा. नानांना शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही, डॉक्टरांनी राऊंडला सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. पोराने हे क्षेत्र तिथेच निवडलं. इंजिनियरिंगला नंबर लागला नाही म्हणून गेला असं जे कुणी बोलतं ते खोटं आहे, त्याने फॉर्मच भरला नव्हता.

परवा रात्री जेवताना त्याने मला हात धुवायचं शिकवलं. हसू नका. आधी औषध तळहातावर घ्यायचं, मग बोटांची टोकं, मग अंगठा वेगळा चोळायचा, मग बोटांच्या फटी, तीस सेकंद सगळं ओलं राहिलं पाहिजे. त्यांना शाळेत त्या औषधात काहीतरी चमकणारं मिसळून देतात आणि मग हात निळ्या लाईटच्या पेटीत घालायला लावतात, जिथे लागलं नाही तिथे काळं दिसतं. सगळ्यांचे अंगठेच राहिले म्हणाला. आता भाजी चिरायच्या आधी माझे अंगठे तपासतो.

खाण्याचं वहिनींसाठी. तुम्ही दिलेलं तूप मी मुंबईलाच भाच्याच्या हातात देऊन आले, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, खवा-पेढे-तूप काही चालत नाही. पण कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी सगळं नीट पोचलं. तूप मग इथेच कढवलं. बिनमिठाचं लोणी सुपरमार्केटात पाव-पाव किलोच्या वड्यांत मिळतं, चार वड्या घेतल्या, होस्टेलच्या कॉमन किचनमध्ये मंद आचेवर ठेवलं आणि चिनूला दाखवलं, फेस कधी खाली बसतो, बुडाशी बदामी रंग आला की लगेच उतरवायचं. वास सुटल्यावर शेजारच्या रूममधली मल्याळी मुलगी आली, तीही पहिल्याच वर्षाला आहे, दारात उभी राहून म्हणाली आंटी माझ्या आईच्या घरासारखा वास येतोय. तिला एक बाटली भरून दिली. केरळच्या बायका इथे 1960 च्या दशकापासून नर्सिंगला येतायत, तिची आजीच्या वयाची एक नातेवाईक इथेच रिटायर झालीय, त्यामुळे त्या लोकांना सगळी वाट पायाखालची आहे. आपल्या पोरांना आत्ता कुठे कळायला लागलंय. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून सिस्टर सिटी आहेत, पण आपल्या घरातून इथे येणारा चिनूच पहिला.

एक लक्षात ठेवा, मिरचीची फोडणी खिडकी उघडून आणि झाकण हातात घेऊनच करायची. खोलीत छताला धुराचे अलार्म असतात. कोथिंबीर, भेंडी तुर्की दुकानात मिळते, तूरडाळ इंडियन दुकानात, थोडी महाग.

मी जिथे राहतेय तिथे दर आठवड्याला एका घराच्या दारावर पाटी अडकवतात, त्या आठवड्यात त्यांनी जिना झाडायचा-पुसायचा. ह्या भागात ती जुनी पद्धत आहे, श्रीमंत असो गरीब असो, पाळी चुकत नाही. ह्या वेळी पाटी आमच्या दारावर होती, मी जिना पुसला, तर वरच्या मजल्यावरच्या आजींनी खाली येऊन हात मिळवला आणि नंतर घरची सफरचंदं आणून दिली. भाषा येत नसताना एवढीच ओळख झाली, पण बरं वाटलं.

मी पुढच्या शनिवारी निघतेय. खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. थंडी आत्ताच हाडात शिरायला लागलीय, डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार होतो म्हणे, आणि ह्याची सकाळची शिफ्ट सहाच्या सुमारास सुरू होणार. एकटं वाटेल त्याला. ताप आला तर कोण बघणार, असं मनात येतं. पण हे मी त्याच्यासमोर एकदाही बोलले नाही आणि तुम्हीही फोनवर बोलू नका. कधी येणार, कधी येणार असंही सारखं विचारू नका. काय शिकलास, काय जेवलास एवढं विचारा. आईला विशेष सांगा, ती फोनवर रडायला लागली की तो नंतर जेवत नाही, मी बघितलंय.

दिवाळीला तो वॉर्डात असेल, लक्ष्मीपूजनाला सुट्टी मिळणार नाही. सकाळी तुमच्याकडे अभ्यंगस्नान झालं की फोन लावू नका, इथे मध्यरात्र असते. आपल्या रात्री नऊनंतर लावा, तेव्हा तो मोकळा असेल.

मनीचा पासपोर्ट आणि बारावीचं मार्कशीट ह्यांच्यावर नाव एकसारखं आहे का ते आजच बघ दादा, स्पेलिंगसकट. चिनूच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, त्यापायी आमचे दोन महिने गेले. मी आल्यावर कराडला दोन दिवस राहायला येते, मग मनीशी सविस्तर बोलते.

आईच्या गोळ्या वेळेवर द्या. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शुभा