प्रेमाच्या रॅपमध्ये क्रियापद पुढं आणा

महोदय,

कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत आणि गणपतीच्या मंडपांत कोल्हापूरची पोरं हल्ली रॅप म्हणतात. फुशारकी झकास जमते. प्रेमाचं गाणं आलं की मात्र गाडी ‘राहतो-पाहतो’, ‘जाते-गाते’त रुतते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, म्हणून यमकही त्याच्यावरच पडतं आणि तिसऱ्या ओळीपासून पुढचा शब्द ऐकणाऱ्याला आधीच कळतो.

यासाठी फिलिपिनो रॅप ऐकावा. तिथल्या टागालोग भाषेत क्रियापद सहसा वाक्याच्या सुरुवातीला येतं, त्यामुळे ओळीचा शेवट नामासाठी मोकळा राहतो. शिवाय त्यांच्या जुन्या काव्यशास्त्रात यमकाला अक्षर तेच लागत नाही. स्वर एक हवा आणि शेवटचं व्यंजन एका गटातलं हवं. ब, क, द, ग, प, स, त हा कठीण गट. ल, म, न, र, व, य हा मऊ. म्हणून ‘इबिग’ (प्रेम) आणि ‘दिबदिब’ (छाती) यांचं यमक बिनदिक्कत चालतं. तिथले रॅपर फ्रान्सिस मागालोना (१९६४-२००९) यांनी १९९० साली पहिला अल्बम काढला, तेव्हा पाठीशी हा वारसा होता. त्यांच्यानंतरचा रॅपर ग्लॉक-९ इतक्या वेगानं म्हणतो, पण उच्चार सुटत नाहीत.

आता हेच मराठीत करून बघू. ‘तुझ्या दारात मी रोज उभा राहतो, तुझ्याकडे चोरून पाहतो’ ही नेहमीची ओळ. ती अशी फिरवा:

थांबलोय दारी मी, झुकलेली ही कमान
निघालीस तू पुढं, राहिला हा सलाम

न आणि म, दोन्ही मऊ गटातले. ‘आलाय बघ तो’, ‘गेली की ती’ असं क्रियापद पुढं टाकून आपण एरवी बोलतोच, त्यामुळे ओळ ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. उच्चाराप्रमाणे मोजली तर प्रत्येक ओळीत १२ अक्षरं, सहाव्यावर क्षणभर विसावा. टागालोग कवी बाल्टासार यांचं १८३८ मधलं काव्य ‘फ्लोरांते आत लाउरा’ याच मापात आहे. मिनिटाला ९० ठोक्यांच्या ठेक्यात चार ठोक्यांची एक ओळ साधारण २.७ सेकंदांची, तीत ठोक्याला चार अशी सोळा घरं. १२ भरली की चार घरं श्वासाला. पोरं सोळाच्या सोळा भरतात, मग चौथ्या ओळीला दम तुटतो आणि नेमका यमकाचा शब्द गिळला जातो. सोळा ओळींचं कडवं ४३ सेकंदांत संपतं, ते म्हणून बघताना घड्याळ लावावं.

चालीसाठी त्यांच्या कुंदिमानकडे वळावं. तीन मात्रांचं हे प्रेमगीत मायनरमध्ये सुरू होऊन त्याच षड्जावर मेजरमध्ये जातं. पेटीवर काळी एक ‘सा’ धरलात तर पांढरी तीनवरचा कोमल गंधार सोडून पांढरी चारवर शुद्ध गंधार लावा. रडवेलं गाणं तिथंच मोकळं होतं. रॅप चार मात्रांत ठेवून फक्त ध्रुवपदाला हा बदल केला तरी भागतं.

सवाल-जवाबाचंही तसंच. कलगी-तुऱ्याच्या जवळ जाणारा त्यांचा बालागतासान, म्हणजे पद्यातला वादविवाद, ६ एप्रिल १९२४ रोजी मनिलात सुरू झाला. २०१० पासून फ्लिपटॉप या तिथल्या रॅप-सामन्यांत पोरं बहुतेक वेळा ठेक्याशिवायच भांडतात, म्हणून शब्द उघडा पडतो. इथल्या स्पर्धांत मात्र बीट इतका मोठा असतो की परीक्षकाला यमक ऐकूच येत नाही. हलगी असेल तर अजून पंचाईत, तिच्या कडक आवाजात च, श, स बुडतात.

आयोजकांनी नियमांत एवढं घालावं: अर्जासोबत गाण्याचा कागद, एक फेरी ठेक्याविना, आणि क्रियापदावर संपणाऱ्या ओळी निम्म्याहून कमी. मंडळांसाठी आणखी एक. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या सरकारी आदेशानुसार रेडिओला तासाला किमान चार देशी गाणी वाजवावी लागतात. आपल्या मंडपात तासाला चार मराठी रॅप वाजले तर कुणाची ना नसावी.

काही गीतलेखक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर