एका टिचकीचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातला लेदर कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, मिटलेला, अंगावर मेणचट कात. तुमच्याआधी आलेल्यांनी तेवढ्यावरून फर्मानं काढली: दिवा बदला, आयोडीन घाला, नायट्रेट शून्यावर आणा. पाण्याचा खारेपणा कुणी तपासला नाही. म्हणा, तपासला असता तरी तो मोजणारा हायड्रोमीटर १.०२५च, म्हणजे हवा तेवढाच, दाखवत होता.

तुम्ही हायड्रोमीटरच्या त्या प्लास्टिकच्या डबीला नखाने एक टिचकी मारलीत. काट्याला चिकटलेले दोन बारीक बुडबुडे सुटले आणि काटा १.०२१वर येऊन थांबला. बुडबुडा काट्याला वर उचलून धरतो, पाणी आहे त्यापेक्षा खारट भासतं. मग खिशातून रिफ्रॅक्टोमीटर निघाला, प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारा. तोही साध्या पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवलेला. त्यानेही तेच सांगितलं. "एवढंही कळत नाही?" असं तुम्ही म्हणाला नाहीत, त्याचे आभार वेगळे.

मीठ गेलं कुठे, तेही तुम्हीच दाखवलंत. वाफेने फक्त पाणी उडतं, ती तूट गोड्या पाण्याने भरायची. फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा पेला मात्र मीठही घेऊन जातो, आणि तीही तूट इतके दिवस आरओच्या पाण्यानेच भरली जात होती. उपायातही घाई नाही: वाफेच्या तुटीत खारं पाणी, दिवसाला ०.००१च्या वर चढ नाही.

कात टाकणं हा आजार नव्हेच. लेदर अंगावरचं शेवाळ असंच झटकतो. प्रवाह मंद असला की कात तिथेच चिकटून खालची त्वचा कुजते. म्हणून पंप काचेकडे वळवलात. पाणी आपटून, अस्ताव्यस्त होऊन कोरलवर येऊ लागलं, थेट झोत नाही. शेजारच्या सिन्युलॅरियाशी, म्हणजे दुसऱ्या एका मऊ कोरलशी, त्याचं रासायनिक भांडण चालतं, त्यासाठी ती रसायनं शोषणारी कार्बनची पिशवी, महिन्याला बदलायची. आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखात भाग) राहू द्यायचं. शून्यावर मऊ कोरल उपाशी राहू शकतात, हे त्या 'शून्य' सांगणाऱ्यांना कुणीतरी कळवावं.

सल्ला देणारे पुष्कळ, काका. आधी मापच खरं आहे का ते बघणारा माणूस विरळा, आणि ते बघून गप्प राहणारा त्याहून विरळा.

नवव्या दिवशी कात फाटून वाहून गेली. आता कोरलच्या टोपीभर पॉलिप्स, म्हणजे त्याची फुलासारखी तोंडं, बाहेर आहेत, बोटाच्या पेराएवढे लांब. आयोडीनची बाटली जवळजवळ भरलेली आहे. ज्यांनी गळ्यात मारली त्यांनी खुशाल घेऊन जावी.